ओसंडलेली माणसे : स्थलांतर, दारिद्र्य आणि आपली समीक्षा

१

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. १९६०-६१ साली ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळण्याइतकी ऐपत नव्हती, हा त्यांचा अंदाज त्या काळात फार गाजला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. शहरातला गरीब हा खेड्यातून ओसंडून शहरात आलेला गरीब आहे. म्हणून शहरी दारिद्र्याचे मूळ खेड्यात शोधले पाहिजे.

हा निष्कर्ष मला चुकीचा वाटत नाही. मी अडतो तो त्यातल्या एका शब्दापाशी. ओसंडते ते पाणी. भांडे भरले की जे वर असेल ते सांडते; कोणते पाणी सांडायचे हे भांडे ठरवीत नाही. खेड्यातून माणसे अशी सांडत नाहीत. कोण बाहेर पडणार, कोण आत कोंडला जाणार आणि बाहेर पडलेला कुठे जाऊन साचणार, या तिन्ही गोष्टी गावाने आधीच ठरविलेल्या असतात. अर्थशास्त्राने माणसे मोजली. हे ठरविणे मात्र त्याच्या मोजमापात आले नाही.

आणि ज्या पुस्तकांत ते आले आहे ती पुस्तके आपल्या कपाटात आहेत. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘आयदान’ ही सगळी गाव सोडलेल्या किंवा गाव नसलेल्या माणसांची पुस्तके आहेत. गेली चार-पाच दशके आपण त्यांच्यावर लिहीत आलो. वेदना, विद्रोह, नकार, अस्मिता हे शब्द आपण इतके वापरले की ते आता गुळगुळीत झाले. पण या पुस्तकांत किती पैसे येतात, कुठून येतात, कोणत्या हातात जातात आणि कोणत्या हातापर्यंत पोचतच नाहीत, हे आपण वाचले नाही. अर्थशास्त्रज्ञाने आपली पुस्तके वाचली नाहीत ही तक्रार खरीच; पण त्यांतले अर्थशास्त्र आपणही वाचले नाही, हे कबूल करूनच मला पुढे लिहिले पाहिजे.

२

प्रथम लोकसंख्येचा प्रश्न. कारण दारिद्र्याचा विषय निघाला की पांढरपेशा माणूस हमखास झोपडपट्टीतली पोरे मोजू लागतो. ‘यांना पोरे फार, म्हणून हे गरीब’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कचेरीत, लोकलच्या डब्यात केव्हातरी ऐकले असेल.

डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ साली त्या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. माणसे वाढली, वाटण्या झाल्या, तुकडे पडले. यावरून निघणारा सोपा निष्कर्ष असा की माणसे कमी असती तर तुकडे मोठे राहिले असते आणि दारिद्र्य आले नसते. शेताचे तुकडे जोडावेत, वाटण्यांना कायद्याने आळा घालावा, असे उपाय त्या काळी सुचविले जात होते.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतधारणेवर जो निबंध लिहिला त्यात या विचाराची मांडणीच उलटी केली. शेत लहान आहे की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्याच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात यावर ठरते. या देशात भांडवल तुटपुंजे आहे, आणि शेतीवर नुसते बसून खाणाऱ्या हातांचा भार आहे. त्या हातांना दुसरे काम द्या, उद्योग उभारा, म्हणजे शेतीवरचा भार आपोआप हलका होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या दृष्टीने दोष माणसांच्या संख्येत नव्हता. माणसांना एकाच जागी डांबून ठेवणाऱ्या व्यवस्थेत होता.

याचा अर्थ बाबासाहेब संततिनियमनाच्या विरोधात होते असा नव्हे. १९३८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या पुरस्काराचे त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. पण त्या मागणीच्या केंद्रस्थानी बाई होती, तिचे आरोग्य होते. चाळीसच वर्षांनी याच राज्यात काय झाले ते आठवावे. १९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही एवढेच. जो प्रश्न बाबासाहेबांनी बाईच्या बाजूने मांडला होता तो राज्यसंस्थेने गरिबाच्या विरुद्ध वळविला.

आता आजची स्थिती पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातला जननदर दर बाईमागे १.७ आहे. म्हणजे आई-बापांची जागा भरून निघण्याइतकीही मुले आता जन्माला येत नाहीत. ‘पोरे फार म्हणून गरिबी’ हे खरे असते तर विषमतेचा प्रश्न आता सुटत आला पाहिजे होता. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या दशकात सुमारे १७ लाखांवरून १६ लाखांच्या आसपास उतरली. जननदर घटला, त्यात माणसे मुंबई-पुण्याकडे गेली. जिल्हा रिकामा होत गेला म्हणून मागे राहिलेल्या बौद्धवाडीला जमीन मिळाली काय? चाकरमान्याचे घर कुलूपबंद राहिले, पण सातबाऱ्यावरचे नाव बदलले नाही. माणसे कमी झाल्याने वाटणी आपोआप होत नाही. ज्याच्या हातात वाटणी असते त्याचाच वाटा वाढतो.

आणि मानसाहेबांचे पिंपळे सौदागर? ते आज पिंपरी-चिंचवडचे उपनगर आहे. जिथे सात एकरांची सरासरी निघाली होती तिथे आता बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. त्या जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा ज्याच्या नावे जमीन होती तो श्रीमंत झाला. ज्याच्या नावे कधी जमीनच नव्हती त्याच्या आयुष्यात ही सारी वाढ फार तर वॉचमनच्या खुर्चीच्या रूपाने आली.

३

लोकसंख्येइतकीच दुसरी फसवी गोष्ट म्हणजे सरासरी. स्थलांतराने दारिद्र्य कमी होते की वाढते, विषमता कमी होते की वाढते, या प्रश्नाचे उत्तर सरासरीत शोधणारा हमखास फसतो. हे एका कल्पित गावावरून दाखवितो.

समजा, दहा घरांचे एक गाव आहे. दोन घरे बागायतदारांची, महिना ४० हजार मिळकतीची. आठ घरे मजुरांची, महिना ५ हजारांची. गावाची एकूण मिळकत १ लाख २० हजार, सरासरी १२ हजार. आता मजुरांची चार घरे शहरात गेली. गावात सहा घरे उरली, मिळकत १ लाख, सरासरी १६ हजारांच्या वर. गाव एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ‘सुधारले’. आणि गावातल्या एकाही माणसाच्या खिशात एक पैसा जास्त आला नाही. तिकडे शहरात या चार घरांना समजा ८ हजार मिळू लागले. दारिद्र्यरेषा ७ हजारांवर आखली असेल तर चार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. पण शहराच्या हिशेबात चार अगदी तळची घरे वाढली. शहराची सरासरी खाली आली, शहर ‘बकाल’ झाले. दोन्ही ठिकाणचा हिशेब एकत्र केला तर बागायतदारांचा वाटा दोन तृतीयांशावरून साठ टक्क्यांवर आला. म्हणजे विषमता थोडी घटली. एकाच घटनेतून तीन वेगळी सत्ये निघतात. कोणते सांगायचे ते सांगणारा कुठे उभा आहे यावर ठरते.

पण यानंतर गावात काय होते ते महत्त्वाचे. चार घरे गेल्यावर मजूर कमी पडतो. उरलेल्या चार घरांची मजुरी वाढायला हवी. आर्थर ल्युइस यांनी १९५४ साली मांडलेला सिद्धांत असा की शेतीतले जादा हात उद्योगात सामावून संपले की मजुरी वर चढू लागते. १९५५ साली सायमन कुझनेट्स यांनी म्हटले की शेतीकडून उद्योगाकडे जाताना विषमता आधी वाढते आणि पुढे उतरते. आमचे अनेक शहाणे आजही त्या उताराची वाट पाहत आहेत. त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती अशी की एका कामावरून दुसऱ्या कामावर जायला माणूस मोकळा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त नेमके हेच नाकारले होते. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसाला धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून बेकारीला ती सरळ कारण होते. ल्युइस आणि कुझनेट्स यांच्या वीस वर्षे आधी सांगितलेली ही गोष्ट स्थलांतराच्या चर्चेत अजून शिरलेली नाही.

जनगणनेचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारले होते. काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलविले, कुटुंबाबरोबर आले, आणि इतर. १९७८ च्या जुलै-ऑगस्टात विद्यापीठ नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात जी जाळपोळ झाली तिच्यात घरे जळालेली माणसे गाव सोडून शहरात आली. त्यांनी कोणत्या रकान्यात खूण करायची? फार तर ‘इतर’. विहिरीवरून झालेल्या मारहाणीनंतर निघालेला, मेलेले जनावर ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कृत झालेला, यांनाही ‘इतर’. आमचा सारा इतिहास त्या एका शब्दात बसविला गेला आहे.

४

आता शहराच्या वेशीवर येऊ. गावातून सुटलेल्या माणसाला शहराने काहीच दिले नाही असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. बलुत्याच्या शिळ्या भाकरीऐवजी महिन्याचा रोख पगार हातात येणे ही लहान क्रांती नव्हती. बाबासाहेबांची चळवळ मुंबईच्या चाळींत उभी राहिली ती या पगारातून दिलेल्या वर्गणीवर. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून पायी चालत मुंबईला आले नसते तर ‘फकिरा’ कदाचित लिहिलाच गेला नसता. पण शहराने जे दिले ते कोणत्या दाराने दिले, हे पाहिले पाहिजे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साळखाते, म्हणजे विणकामाचे खाते, जास्त पगाराचे. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला दोरा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो उष्टा होतो, म्हणून सवर्ण विणकऱ्यांचा विरोध. आमच्या माणसाला मुख्यतः कमी पगाराचे रिंगखाते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे धरून लावला. एकाच भोंग्यावर उठणारे, एकाच संपात उपाशी राहणारे, एकाच लाल बावट्याखाली चालणारे हे दोन कामगार. आणि दोघांच्या पगारातला फरक जातीने ठरलेला. यंत्राला जात नव्हती. यंत्रापाशी कोणी उभे राहायचे, याला होती.

ही गोष्ट नजरेपुढे ठेवून ‘बलुतं’ पुन्हा वाचावे. १९७८ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या प्रांजळपणाची, धक्क्याची चर्चा झाली. आपल्यातल्या काहींनी आपली लाज चव्हाट्यावर मांडल्याबद्दल दया पवारांना दोषही दिला. पण त्यातला कावाखाना पाहा. पुरुष हमाली करतात, काही गिरणी-कारखान्यांत जातात. बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचून आणतात, निवडतात आणि विकतात. गावात मेलेल्या ढोराचा निकाल लावणारी जात शहरात येऊन शहराच्या उकिरड्याचा निकाल लावते. गावाने दिलेले काम शहराने नाव बदलून परत केले. एका अर्थाने ‘बलुतं’ हे मुंबईच्या मजूर-बाजाराचे अंगावर काढलेले टिपण आहे. कोणत्याही पाहणीत ते टिपण आले नाही, कारण चिंधी वेचणारी बाई पाहणीच्या भाषेत ‘कामगार’ नव्हती.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही कथा आपण विद्रोहाची कथा म्हणून वाचत आलो. तिचा आर्थिक सांगाडाही पाहावा. रेल्वेची नोकरी मिळालेला तरुण परगावी जातो. पगार आहे, काम आहे, पण राहायला खोली नाही. खोली हवी तर जात लपविली पाहिजे. जात उघड होते आणि तो मार खातो. स्थलांतराचा खर्च मोजताना अर्थशास्त्रज्ञ रेल्वेचे तिकीट आणि खोलीचे भाडे धरतो. बागुलांच्या नायकाने भाड्याबरोबर जे दिले त्याची किंमत कोणी धरायची? ज्याला वस्तीतच राहावे लागते त्याचे भाडे, त्याची कामावर जाण्याची पायपीट, त्याच्या मुलाची शाळा, सारेच त्या वस्तीने ठरते. उत्पन्न सारखे असले तरी त्या उत्पन्नाने काय विकत मिळते हे सारखे नसते.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. संपकऱ्यांपैकी ज्याची गावी जमीन होती तो काही काळ तरी गावी जाऊन तग धरू शकला. ज्याला गावात परत जायला फक्त महारवाडा होता त्याने काय करायचे? ओसंडलेले पाणी मागे फिरत नाही म्हणतात. इथे तर मागे फिरायला भांडेच नव्हते.

५

गाव सुटले ही गोष्ट निदान कुणाच्या तरी नशिबी आली. पण ज्यांना गावच नव्हते त्यांचे काय? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे सतत चालत राहणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे पुस्तक आहे. गाढवावर संसार, हाताला टोपल्या-कणगी विणण्याचे काम, आणि प्रत्येक गावात परका. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) त्याच्या उलट बाजूचा जाच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना हजेरी दिल्याशिवाय हलण्याची मुभा नव्हती. तो कायदा १९५२ साली गेला. पोलिसांची नजर गेली नाही. एकाला थांबू दिले जात नाही, दुसऱ्याला हलू दिले जात नाही. ‘अधिक मजुरीकडे माणूस जातो’ हा स्थलांतराचा मूळ सिद्धांत या दोन पुस्तकांपुढे ठेवून पाहावा.

आजची उपरी माणसे पाहायची तर दिवाळीच्या मागेपुढे बीड, जालना, पाथर्डीच्या रस्त्यांवर उभे राहावे. ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघालेले असतात. यांत वंजारी आहेत, महार-मांग आहेत, भटके-विमुक्त आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे दोन माणसांचा हिशेब एका हत्याराच्या नावाने. उचल कोयत्याच्या नावे, ती हातात पडते नवऱ्याच्या. बाईची मजुरी स्वतंत्र मोजलीच जात नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. मग ती बाई पाळीच्या दिवसांत, बाळंतपणाच्या आगेमागे काय करते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली. १९३८ सालच्या त्या भाषणाकडे मी वर बोट दाखविले ते यासाठी. बाईच्या शरीरावर तिचा हक्क मागणारा विचार आपल्याकडे होता. आणि ऐंशी वर्षांनी खाडा पडू नये म्हणून ती शरीराचा भागच काढून देत होती.

हे स्थलांतर दारिद्र्य कमी करीत नाही. ते दारिद्र्याला एका वर्षाची मुदतवाढ देते. उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी जावे लागते. मुले कोपीवर, शाळा गावात. आणि २०११ साली फेब्रुवारीत जनगणनेचा मोजणीदार गावात फिरत होता तेव्हा हा माणूस फडात होता.

इथेच मी मागे सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. माणसे गेल्यावर गावची मजुरी वाढते का? ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. टाळेबंदीत काम बंद पडले म्हणून ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. ते मध्य प्रदेशातले होते आणि जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या रोट्या रुळांवर पसरलेल्या आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिल्या. पण एक गोष्ट आपण विचारली नाही. ज्या जालना जिल्ह्यातला माणूस कोयता घेऊन बाहेर जातो, त्याच जिल्ह्यातल्या भट्टीवर मध्य प्रदेशातला माणूस कसा? स्थानिक मजुराला जास्त द्यावे लागण्याआधी त्याच्याहून दूरचा, त्याच्याहून अडलेला मजूर आणता येतो. परक्या मुलखातला माणूस भांडत नाही, संघटना करीत नाही, रात्रपाळी नाकारीत नाही. मजुरी वर चढण्याची वेळ येते तेव्हा नवे स्थलांतर तिला खाली धरते. कुझनेट्सचा तो उतार आमच्यापर्यंत का पोचला नाही, याचे एक उत्तर त्या रुळांवर पडले होते.

६

आता घरचे बोलतो. माझे आजोबा पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचे वतनदार महार. त्यांना दोन मुलगे. महारकीची पाळी करायला घरातला एक पुरुष गावात राहणे भाग होते. नाहीतर वतन जाते आणि गाव अंगावर येते. धाकट्याला मुंबईला पाठविले, थोरल्याला ठेवून घेतले. हा निर्णय कुणाच्या हुशारीवर झाला नाही, पाळीवर झाला. धाकटे माझे वडील. ते रिंगखात्यात लागले, मी चाळीत शिकलो, राखीव जागेवर सरकारी नोकरी मिळाली, आज पेन्शन खातो आणि असे लेख लिहितो. थोरल्यांचा नातू यंदाही कोयत्यावर गेला. १९५८ च्या कायद्याने वतन गेले. त्या वतनाने दोन भावांत घातलेले अंतर तिसऱ्या पिढीतही गेले नाही.

माझ्या वडिलांची मनिऑर्डर दर महिन्याला गावी जाई. तिच्यावर चुलत्यांचे घर चालत होते असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. पण उलट बाजूचा हिशेब कधी मांडला नाही. चुलते पाळी करीत होते म्हणून वडील मुंबईत राहू शकले, म्हणजे माझ्या पदवीतली काही वर्षे चुलत्यांनी भरली आहेत. त्यांच्या वाट्याला त्यातले काय आले?

हे मी केवळ माझ्या घरापुरते सांगत नाही. दलित साहित्य हे मोठ्या प्रमाणावर धाकट्या भावाचे साहित्य आहे. जो सुटला, शिकला, नोकरीला लागला त्याने लिहिले. त्याने गावाबद्दल लिहिले ते आठवणीतून. मागे राहिलेल्या थोरल्याचे, दरवर्षी जाऊन दरवर्षी परत येणाऱ्याचे पुस्तक आपल्याकडे किती? आणि आपण समीक्षक त्या धाकट्याच्या दुःखाला ‘समाजाचे दुःख’ म्हणत आलो. सरासरी काढण्याचा जो दोष मी अर्थशास्त्रज्ञांना दिला तोच आपल्यालाही लागू आहे. एका ‘आम्ही’मध्ये आपण पेन्शनवाला आणि कोयतेवाला, महार आणि मांग, चाळीतला आणि पालावरचा, सारे एकत्र ओतले आणि त्याची सरासरी काढली.

बायकांच्या बाबतीत तर हे फारच उघड आहे. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले. विधवा आई आयदाने विणून संसार ओढते. डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारात जाणाऱ्या बाया त्यात आहेत. कोकणातून मुंबईला गेलेल्या पुरुषांवर आपण खूप लिहिले. त्यांच्या पाठीमागे गाव चालविणाऱ्या या बायांचे श्रम पहिल्यांदा इतक्या तपशिलाने आले ते या पुस्तकात. मुंबईची मजुरी कमी राहू शकली, कारण मजुराची म्हातारी आई, बायको, मुले गावात त्या बाईच्या कष्टावर जगत होती. मालकाने एकाला पगार दिला आणि दोघांचे श्रम घेतले. ‘आयदान’वर लिहिताना आपण विणीचे रूपक कौतुकाने उलगडले. त्या टोपलीला बाजारात काय मिळे, हे विचारणारा समीक्षक मला आठवत नाही. मी स्वतःही विचारले नव्हते.

७

मग करायचे काय? साहित्याला अर्थशास्त्राची दासी करावी असे मला म्हणायचे नाही. आत्मकथन हे पाहणीचे तक्ते नव्हे. एका घराची गोष्ट साऱ्या राज्याची म्हणून सांगता येणार नाही, हेही मी जाणतो. पण कोणता प्रश्न विचारायला हवा हे ही पुस्तके सांगतात, आणि तेवढे तरी आपण ऐकले पाहिजे.

बाबासाहेबांच्या विचारात स्थलांतर हा नशिबाचा भाग नव्हता. तो कार्यक्रम होता. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसण्याची आणि जातीचा भेद न करता कुळांना देण्याची योजना त्यांनी मांडली. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो याच विचाराचा पुढचा टप्पा. ‘गाव सोडा’ आणि ‘जमीन द्या’ या दोन मागण्यांत विरोध आहे असे काहींना वाटते. माझ्या मते त्या एकच मागणी आहेत. जो जाऊ इच्छितो त्याला जाता आले पाहिजे. जो राहू इच्छितो त्याला मानाने राहता आले पाहिजे. जाणे हा हक्क तेव्हाच होतो जेव्हा राहणे शक्य असते. नाहीतर ती हकालपट्टी असते, मग पगार कितीही मिळो.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घेणार असे केंद्र शासनाने २०२५ साली जाहीर केले आहे. आपल्या संघटना त्या नोंदीकडे आरक्षणाच्या टक्केवारीच्या दृष्टीने पाहत आहेत आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक मागणी आपण केली पाहिजे. जात आणि स्थलांतर हे दोन रकाने एकत्र वाचले जावेत : कोणत्या जातीचा माणूस कोणत्या गावातून निघाला, कोणत्या कामाला लागला, आणि परत येताना त्याच्याकडे काय होते. हंगामी जाणाऱ्याची नोंद फडावर जाऊन घ्यावी आणि कोयत्याला दोन माणसे म्हणून मोजावे.

आणि आपण, लिहिणाऱ्यांनी? मी गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलत्यांचा नातू निघण्याच्या तयारीत होता. मुकादमाचा हिशेब त्याने शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवला होता. उचल किती, कापली किती, खाडे किती, बाकी किती. पाच वर्षांचा हिशेब, त्याच्या अक्षरात. मी ती वही रात्री वाचली. तिच्यात एकही विशेषण नव्हते. त्याला म्हणालो, हे नीट लिहून काढ, आपण छापू. तो म्हणाला, “काका, आधी यातला शेवटचा आकडा बरोबर हाय का तेवढा बघा.” मी बेरीज करून पाहिली. आकडा चुकला होता, आणि मुकादमाच्या बाजूने चुकला होता.